गौरीचा मुखवटा आणि घरची गौर

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर त्या परत जातात, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. आवाहनाच्या दिवशी घरोघरी जे दृश्य दिसते, त्याकडे मात्र आम्ही आज लक्ष वेधू इच्छितो. वर्षभर जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून ठेवलेले मुखवटे बाहेर निघतात. घरातील वडीलधारी स्त्री ते हातात घेऊन उजेडाकडे धरते, क्षणभर निरखते आणि मगच शृंगाराला हात घालते. ज्येष्ठेचा चेहरा उभट, म्हणून तिला आडवी चिरी. कनिष्ठेचा गोल, तिला चंद्रकोर. मुखवटा पितळी असेल तर त्यावर गडद कुंकू आणि हिरवे लुगडे खुलते, शाडूचा असेल तर रंगाचा हात हलका हवा. कोकणात काही घरी पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या गौरी पुजतात. तेथे तर चेहराच नसतो, आणि त्याची खंत कोणी केल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तात्पर्य, देवीला सजविताना आधी तिचा चेहरा पाहिला जातो, मागाहून रंग निवडला जातो.

त्याच घरातील मुलीबाळींना सजविताना हा क्रम नेमका उलटा का होतो, हा आमचा प्रश्न आहे.

प्रश्न आम्हाला सुचला तो घरच्याच अनुभवातून. यंदाच्या श्रावणात आमच्या भाचीची पहिली मंगळागौर माहेरी झाली. मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस, कपाळ रुंद. रंगभूषेसाठी एक कुशल म्हणून नावाजलेली स्त्री बोलाविली होती. तिने दोन-अडीच तास खपून मुलीचा चेहरा दोन छटांनी गोरा केला. मान आणि दंड अर्थातच मूळ रंगाचे राहिले. नऊवारीच्या चोळीखाली उघड्या राहिलेल्या त्या सावळ्या हातांवर हिरवा चुडा फार सुंदर दिसत होता, आणि वर चेहरा मात्र दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. झिम्मा-फुगड्या रंगल्या, घाम आला, मध्यरात्रीपर्यंत गालांवर ओघळ उतरले. दुसऱ्या दिवशी छायाचित्रे पाहताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आत्या, यात मी कुठे आहे गं?"

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या स्त्रीला बाजूला घेऊन "जरा उजळ दिसू दे हं" असे सांगणारे दुसरे कोणी नव्हते; ते आम्हीच होतो. तेव्हा पुढील मजकूर परोपदेशाचा समजू नये.

'उजळ' हा शब्दच आम्हाला आता सलू लागला आहे. मराठीत त्वचेच्या रंगाला किती सूक्ष्म शब्द आहेत पाहा: गोरी, निमगोरी, केतकी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी. रंगपेटी निवडणाऱ्याला याहून उपयुक्त शब्दसंपदा कोठे मिळावी! पण आम्ही तिचा उपयोग केला तो लग्नाच्या बाजारात उतरती भाजणी लावण्यासाठी. बाजारानेही आमचा हा दुबळेपणा अचूक हेरला. 1975 साली 'फेअर अँड लव्हली' नावाचे मलम या देशात विक्रीस आले आणि तेच नाव पंचेचाळीस वर्षे घरोघरीच्या फडताळात बसून राहिले. 2020 साली ते बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. डबीवरचे नाव बदलले. वधूसंशोधनाच्या बैठकीतील नजर तितक्या लवकर बदलत नाही. गोरे करण्याचे आश्वासन देणारी काही बेकायदा मलमे तर याहून घातक असतात. त्यांतील पारा त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडांना इजा करतो. 2013 च्या मिनामाता करारात दशलक्ष भागांत एक भागाहून अधिक पारा असलेली प्रसाधने 2020 नंतर बनवू नयेत, त्यांची आयात-निर्यातही करू नये असे ठरले, तरी लेबलावर घटकांचा पत्ता नसलेल्या डब्या अजूनही विकल्या जातातच.

आणि हे सारे कोणाच्या देशात? पंढरीचा विठोबा काळा, कोल्हापूरची अंबाबाई काळ्या पाषाणाची, राम मेघासारखा श्याम. पंढरपुरी नित्य पूजेत विठ्ठलाला गंध लावतात, तुळशीची माळ घालतात. त्याच्या मुखावर पांढरी पूड फासण्याची कल्पना कोणा बडव्याच्याही मनात कधी आली नसेल. अंबाबाईच्या कृष्णवर्ण मुखावर कुंकू आणि सोने जसे झळाळते, तसे ते संगमरवरावर झळाळणार नाही. देवघरात ज्या रंगापुढे आम्ही हात जोडतो, तोच रंग आरशात दिसला की डबी शोधू लागतो.

यावर कोणी म्हणेल, मग रंगभूषाच नको. आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. सणावारी नटणे हा स्त्रीचा हक्काचा आनंद आहे. आक्षेप आहे तो उसन्या चेहऱ्याला. जी मुळात सावळी आहे तिने आपल्याच छटेचे प्रसाधन शोधावे, आणि शोधताना थोडी चिकाटी धरावी. दुकानात मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर रंग लावून पाहण्याची आपल्याला सवय असते. पण हाताचा आणि तोंडाचा रंग क्वचितच एक असतो. जबड्याच्या कडेवर, जेथे चेहरा मानेला मिळतो, तेथे बोट ओढावे आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहावे. जो पट्टा दिसेनासा होतो तो आपला. पैसे देण्यापूर्वी दुकानातून एक चक्कर मारावी, कारण त्वचेच्या तेलाशी मिळून पुष्कळ रंग थोड्या वेळाने गडद होतात. शिवाय दोन गव्हाळ मुलींतही एकीच्या त्वचेखाली पिवळसर झाक असते, दुसरीच्या तांबूस. पहिलीला विटकरी ओठ खुलतील, दुसरीला कदाचित डाळिंबी. हे कोष्टक नव्हे. आरशाने नाही म्हटले तर आरशाचे ऐकावे.

उजेडाचा विचार तर आपण करीतच नाही. सकाळच्या पूजेचा प्रकाश वेगळा, समईचा पिवळा उजेड वेगळा आणि मखरावरच्या निळसर विद्युतमाळांचा वेगळा. समईत जो चेहरा ऊबदार दिसतो तोच त्या माळांखाली राखेसारखा भासतो. छायाचित्राच्या लखलखाटात काही पावडरींतील पांढरे कण प्रकाश परत फेकतात आणि चेहऱ्यावर चुन्याचा हात फिरविल्यासारखा दिसतो. आमच्या भाचीच्या छायाचित्रांत बहुधा हेच घडले. बालगंधर्वांच्या काळी त्यांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची ढब घरंदाज स्त्रिया उचलीत असत, हे प्रसिद्धच आहे. मात्र रंगमंचावरचा रंग हा शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासाठी असतो. हळदीकुंकवाला आलेली शेजारीण हातभर अंतरावर बसते.

नाकडोळ्यांचेही तसेच. डोळे बारीक असतील तर खालच्या पापणीत भरघोस काजळ घातल्याने ते अधिकच मिटल्यासारखे दिसतात; वरच्या पापणीच्या कडेने बारीक रेघ ओढली की उघडतात. रुंद कपाळाला चंद्रकोर भरून राहते, अरुंद कपाळावर लहान गोल टिळा पुरे. टिकलीच्या डिंकातील एका रसायनाने काही जणींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. तसे दिसू लागताच टिकली सोडून मेणावर हळदीचे कुंकू लावावे. हळदीला चुन्याची किंवा टाकणखाराची जोड मिळाली की ती लाल होते, ही आपल्या आज्यांची साधी विद्या होती. बसके नाक सरळ भासावे म्हणून दोन्ही बाजूंनी सावल्या रंगविण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याबद्दल मात्र आमचे मत प्रतिकूल आहे. ते नाक बहुधा आजीकडून आलेले असते, आणि नथ त्यावर बसते तशी रंगविलेल्या नाकावर बसत नाही.

स्मिता पाटील यांचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. मुंबई दूरदर्शनवर त्या मराठी बातम्या देत असत, तेव्हा तो सावळा, रेखीव चेहरा घरोघरी ओळखीचा झाला. 1977 साली 'जैत रे जैत' आणि 'भूमिका', पुढे 1982 साली 'उंबरठा'. 1986 साली अवघ्या एकतीस वर्षांच्या वयात त्या गेल्या. त्यांच्या डोळ्यांना काजळ होते, कपाळाला कुंकू होते, पण त्या चेहऱ्याची छटा बदलण्याचा उद्योग कोणी केला असता तर मराठी पडद्याने काय गमावले असते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

कोणी काय लावावे याबरोबर कोणी काय लावू नये, हेही आपण परस्पर ठरवीत आलो आहोत. 2022 साली शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका गावाला जे उमगले ते गौरीच्या हळदीकुंकवाची निमंत्रणे लिहिताना आठवावे, इतकेच येथे म्हणतो.

आमची भाची यंदा गौरींसाठी माहेरी येणार आहे. रंगभूषेला कोणी बोलावू नये, असे तिने आधीच बजावले आहे. स्वतःच्या छटेची एक लहान डबी, घरी धरलेले काजळ आणि गडद मरून कुंकू, एवढेच तिने मागितले आहे. तिच्या आजीने आरसा भिंतीवरून काढून पूर्वेच्या खिडकीशी ठेवला आहे. लुगड्यातले मुखवटे उलगडून उजेडाकडे धरण्याचे कामही यंदा तिलाच दिले आहे.