आकाशातील दोन पाती

दाबोळीहून किंवा मोपाहून दिल्लीपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती माळव्यात धार आणि देवास यांच्या मधून जाते. त्यांपैकी देवासची एक गोष्ट आम्हांस येथे आठवते. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी स्थापिलेल्या या गावात संस्थाने विलीन होईपर्यंत दोन गाद्या नांदल्या. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. एकाच गावात दोन दरबार आणि दोन हुकूम! इंग्रज लेखक फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्याला या व्यवस्थेची मोठी मौज वाटली. जमिनीवर अशा दुहेरी अंमलाने फार तर दरबारी गोंधळ होतो. पस्तीस हजार फुटांवर मात्र दोन परस्परविरोधी आज्ञा सुटल्या, तर मौज करायला कोणी उरत नाही.

या दोन आज्ञांपैकी एक असते जमिनीवरील नियंत्रकाची आणि दुसरी असते विमानातल्याच ‘टीकॅस’ नावाच्या यंत्राची. हे यंत्र आसपासच्या विमानांतील ट्रान्सपाँडरला सतत प्रश्न विचारते आणि उत्तरावरून त्यांची उंची व अंतर जोखते. धोका दिसला की ते आधी ‘विमान जवळ आहे’ एवढेच सांगते. आणि टक्कर साधारण पंचवीस सेकंदांवर आली की ‘वर चढा’ किंवा ‘खाली उतरा’ असा स्पष्ट आदेश देते. दोन्ही विमानांत हे यंत्र असेल, तर ती आपसांत बोलून एकाला वर व दुसऱ्याला खाली पाठवितात. वैमानिकाने पाच सेकंदांत तो आदेश पाळायचा असतो.

या यंत्राची किंमत भारताला फार महाग पडून कळली. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग 747 आणि कझाकस्तानचे इल्युशिन-76 यांची टक्कर झाली आणि 349 माणसे गेली. दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांना तेव्हा एकच आकाशमार्ग होता. तेथील रडारवर विमान दिसे, पण त्याची उंची दिसत नसे. कझाक विमान 15,000 फुटांवर थांबण्याऐवजी आणखी खाली उतरले. टीकॅस दोहोंपैकी एकातही नव्हते. त्यानंतर आपल्याकडे ते सक्तीचे झाले.

पण यंत्र बसविले म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांचा भ्रम पुढच्या पाच-सहा वर्षांत फिटला. 31 जानेवारी 2001 रोजी जपानमध्ये नियंत्रकाने चुकून भलत्याच विमानाला खाली उतरण्यास सांगितले. त्या विमानातील यंत्र ‘वर चढा’ म्हणत असताना वैमानिकाने नियंत्रकाचे ऐकले. दोन्ही विमानांतील सहाशेहून अधिक माणसे केवळ थोडक्यात वाचली. जर्मनीत युबर्लिंगेन येथे 1 जुलै 2002 च्या रात्री तेवढे दैव नव्हते. रशियन विमानातील यंत्राने ‘चढा’ म्हटले, झुरिचच्या नियंत्रकाने ‘उतरा’ म्हटले, वैमानिक उतरले. समोरचे मालवाहू विमानही आपल्या यंत्राचा आदेश पाळून उतरतच होते. 71 जण मेले आणि त्यांत शाळकरी मुलेच अधिक होती.

त्या वैमानिकांना आज दोष देणे सोपे आहे. माणसाचा आवाज माणसाला विश्वासार्ह वाटतो. नियंत्रकाला सारे आकाश दिसते आणि यंत्राला फक्त शेजारी, ही समजूत तशी गैरही नाही. पण त्या निर्वाणीच्या क्षणी नियंत्रकाच्या पडद्यावरील चित्र काही सेकंद जुने असते, यंत्राचे मात्र ताजे असते. शिवाय समोरच्या विमानातील यंत्र आपण विरुद्ध दिशेला जाऊ असे धरून चाललेले असते. त्याचा आदेश मोडणे म्हणजे दुसऱ्याशी झालेला करार मोडणे होय. 2003 साली आंतरराष्ट्रीय नियम निःसंदिग्ध झाला: यंत्र आणि नियंत्रक यांत विरोध आला, तर यंत्राचे ऐकावे. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या आकाशातही 29,000 फुटांवरील विमानांमधील उभे अंतर दोन हजारांवरून एक हजार फुटांवर आले. गर्दीला वाट मिळाली. चुकीला मात्र जागा कमी उरली.

7 फेब्रुवारी 2018 रोजी मुंबईहून भोपाळला निघालेले एअर इंडियाचे विमान आणि पुण्याकडे येणारे विस्ताराचे विमान एकमेकांच्या अगदी जवळ आले. त्या वेळी वृत्तपत्रांत 100 फुटांचा आकडा प्रसिद्ध झाला होता. यंत्राचा आदेश पाळल्याने अनर्थ टळला. अशा वेळी दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘चौकशी होईल’ म्हणून सांगितले जाते आणि प्रवासी विसरतात. चौकशीचे निष्कर्ष त्याच ठळकपणे प्रसिद्ध होत नाहीत, ही आमची तक्रार आहे.

गोव्याला तर हा विषय दूरचा मुळीच नाही. 2023 च्या जानेवारीपासून या चिमुकल्या राज्यात दोन विमानतळ चालू आहेत. त्यांपैकी दाबोळी हा नौदलाचा तळ असून लढाऊ विमानेही तेथूनच उडतात. ज्या विमानाचा ट्रान्सपाँडर चालू नाही, ते टीकॅसला दिसतच नाही. 2006 साली ब्राझीलमध्ये याच कारणाने 154 जणांना प्राण गमवावे लागले. म्हणून दाबोळी आणि मोपा यांच्या नियंत्रकांत समन्वय कसा राखला जातो, लष्करी विमानांची हालचाल नागरी विमानांना कोणत्या मार्गाने कळते, हे संरक्षण आणि नागरी विमानवाहतूक या दोन्ही खात्यांनी लोकांपुढे मांडावे.

युबर्लिंगेनच्या रात्री तो नियंत्रक दोन पडदे एकटा सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेला होता आणि दुरुस्तीमुळे मुख्य दूरध्वनी बंद होता. 2004 साली मृतांपैकी एका कुटुंबाच्या कर्त्या पुरुषाने त्याचा खून केला. एकाच माणसावर रात्रपाळी सोपविण्याची प्रथा चालू देणाऱ्या कंपनीच्या चौघांना न्यायालयाने दोषी ठरविले, ते 2007 साली. आपल्या नियंत्रण कक्षांत रात्री किती माणसे बसतात, हा प्रश्न आपल्या खासदारांनी लोकसभेत विचारावा.