परदेशी बिऱ्हाड आणि फोनचा खर्च

मैत्रिणींनो, इंग्लंडात बिऱ्हाड हलवलंत, तर पहिल्याच आठवड्यात दोन वर्षांच्या करारावर फोन घेऊ नका. करारापूर्वी तिथे पत तपासतात, आणि नवख्याची तशी नोंदच नसते. इथला फोन सोबत न्या. महिन्या-महिन्याचं नुसतं सिमकार्ड पुरतं. गिफगॅफसारखी स्वस्त कंपनी ओटूच्याच मनोऱ्यांवर चालते. घरात कोणाची रेंज येते, ते शेजारणीला आधी विचारा. पुढे कंपनी बदलायची झाल्यास ६५०७५ वर ‘पीएसी’ ही इंग्रजी अक्षरं धाडा. नंबर तोच राहतो. आईकडे साधाच फोन असेल, तर भारताचे मिनिटं देणारी योजना पाहा. आणि हो, इथला नंबर रिचार्ज करून जिवंत ठेवा, निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करा. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, नाहीतर आपलेच पैसे आपल्याला परके!