संगीत नाटक कोणाचे?

संगीत नाटक हे पांढरपेशा पेन्शनरांचे, असे आपल्या वर्गात सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. गेल्या दिवाळीत वडिलांना घेऊन पुण्याला बालगंधर्व रंगमंदिरात 'सौभद्र' पाहिले. वडील चौथी शिकलेले. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. साकी सुरू होताच त्यांच्या हाताने गुडघ्यावर ठेका धरला. "अरे, ही तर आपल्या कीर्तनातली चाल!" पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिले. पाहू देत! अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी, दिंडी, लावणी ही लोकांच्या ओठांवरचीच वळणे त्यांनी घेतली होती.

अडचण वेगळीच आहे. प्रयोग रात्री साडेनऊचा, तोवर आमच्या गावची शेवटची एस.टी. गेलेली. तिकिटांत वडिलांची दोन दिवसांची मजुरी गेली आणि रात्र स्थानकाच्या बाकावर. मग खेड्यातला माणूस नाट्यगृहात दिसत नाही, याला अरसिकपणा कसे म्हणावे?

आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी ऑर्केस्ट्रावर पैसा उधळला जातो. एका वर्षी त्या पैशात 'सौभद्र'चा एखादा अंक बोलवावा, तोही भर दुपारी. आणि पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी न अडवता पालकांना द्याव्यात.