एक खंड, १३० मतं आणि आपल्या लिपीचा प्रश्न

वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट कॉम, डॉट इन असं काहीतरी लागतं. असे नवे शब्द मिळवण्यासाठी आयकॅन या संस्थेने एप्रिल २०२६ पासून अर्जांची नवी फेरी जाहीर केली आहे. एका अर्जाची फी २ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे साधारण दोन कोटी रुपये. एवढी रक्कम ऐकली की हा विषय आपला नाही असं वाटणं साहजिक आहे. पण मागच्या फेरीत काय झालं ते आठवून पाहू.

२०१२ च्या फेरीत इस्तंबूलच्या एका कंपनीने डॉट इस्लाम आणि डॉट हलाल हे दोन शब्द मागितले होते. ते मिळाले असते तर इस्लामच्या नावाने कोणती वेबसाइट चालेल, कोणती नाही, हे एका खासगी कंपनीच्या कार्यालयात ठरलं असतं. कोणत्या मसलकाचं मत ग्राह्य, कोणाचं हलाल प्रमाणपत्र खरं, हे वाद आपल्या शहरातसुद्धा मिटत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीने हरकत घेतली, ती २०१३ मध्ये फेटाळली गेली. मग ५७ देशांच्या इस्लामी सहकार्य संघटनेने, म्हणजे ओआयसीने, विरोध कळवला. प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळलं आणि अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये आयकॅनच्या संचालक मंडळाने दोन्ही अर्ज नाकारले.

आमच्या मते निर्णय योग्यच झाला. पण तिथे बोललं कोण? सरकारं बोलली. भारत ओआयसीचा सदस्य नाही, त्यामुळे इथल्या कोट्यवधी मुसलमानांचं म्हणणं त्या वाटेने पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. सामान्य वापरकर्त्याची म्हणून जी वेगळी वाट आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही.

आयकॅन १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाली. नफा न कमावणारी संस्था, पण बरीच वर्षं अमेरिकी सरकारच्या वाणिज्य खात्याशी करारानं बांधलेली. जगाचा कारभार करायचा तर जगातल्या लोकांचे प्रतिनिधी हवेत, या मागणीतून २००० साली एक निवडणूक झाली. जगाचे पाच विभाग पाडले आणि प्रत्येक विभागातून एक संचालक थेट निवडायचा ठरलं. मंडळावर एकूण १९ जण, त्यात हे ५. ई-मेल आणि टपालाचा पत्ता असलेला सोळा वर्षांवरचा कुणीही नाव नोंदवू शकत होता. गुप्त क्रमांक टपालाने घरी यायचा, तो वापरून इंटरनेटवर मत द्यायचं.

ऑक्टोबर २००० मध्ये मतदान झालं. साऱ्या जगातून ३४,०३५ मतं पडली. त्यातली १७,७४५ आशिया-पॅसिफिकची होती आणि युरोपची ११,३०९. आफ्रिकेतून किती? १३०. सुमारे ऐंशी कोटींच्या खंडाचा प्रतिनिधी १३० मतांत ठरला. आपल्याकडे एखाद्या शिक्षण संस्थेच्या निवडणुकीतही यापेक्षा जास्त मतं पडतात! निवडून आलेले घानाचे नी क्वेनर जाणकार आणि लायक होते, त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती यादीबद्दल. ज्याच्याकडे कॉम्प्युटर नाही, ज्याचं टपाल वेळेवर येत नाही, तो यादीत येणार कसा?

आशियाची गोष्ट निराळी. इथे मतं भरपूर पडली, पण जोर होता पूर्व आशियाचा. जपानमध्ये नोंदणीची मोहीम जोरात चालली आणि फुजित्सू कंपनीचे मासानोबू कातो निवडून आले. अरबस्तानापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत सगळ्यांना मिळून एक जागा. जिथले लोक यादीत जास्त, जागा तिथे गेली. यात कपट काही नाही. वक्फच्या किंवा सोसायटीच्या निवडणुकीतही हेच होतं.

निवडून येऊनही हाती काय लागतं, हे उत्तर अमेरिकेच्या कार्ल ऑरबाख यांना कळलं. संचालक असून संस्थेची कागदपत्रं बघायला त्यांना कोर्टात जावं लागलं. २००२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच साली आयकॅनने स्वतःची घटना बदलली आणि थेट निवडणुकीची पद्धतच बंद केली.

आता काय आहे? पाच विभाग आजही आहेत. प्रत्येक विभागात वापरकर्त्यांच्या संस्थांचा एक संघ असतो. हे संघ प्रत्येकी दोन जण निवडतात, पाच जण नेमणूक समितीकडून येतात, अशी पंधरा जणांची सल्लागार समिती बनते. संचालक मंडळात आता मताचा अधिकार असलेले १६ जण आहेत, त्यात वापरकर्त्यांची जागा एकच. ती भरायला या समितीचे पंधरा आणि संघांचे पाच अध्यक्ष मिळून वीस जण मत देतात. ३४ हजारांवरून वीस! तरी या वाटेनेही माणसं पोहोचतात. मलेशियाच्या रिनालिया अब्दुल रहीम २०१४ ते २०१७ या काळात याच जागेवर होत्या.

आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिपीची आहे. उर्दूचा काफ आणि अरबीचा काफ डोळ्यांना सारखेच दिसू शकतात, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं. तुमच्या मदरशाचा किंवा बँकेचा पत्ता एका काफने असेल आणि ठगाने दुसऱ्या काफने तोच पत्ता घेतला, तर चंदा कुठे जाईल? अशी अक्षरं कशी बांधायची याचे नियम अरबी लिपीच्या कार्यगटाने केले. त्याचं नेतृत्व पाकिस्तानचे भाषातज्ज्ञ सरमद हुसेन यांच्याकडे होतं. गंमत अशी की आयकॅनच्या नकाशात इजिप्त आणि मोरोक्को आफ्रिकेत येतात, सौदी आणि आपण आशियात. लिपी एक, मतदारसंघ दोन.

मराठीचंही तसंच. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा फरक हिंदीवाल्याच्या लक्षातही येणार नाही. देवनागरीचे नियम ठरवणाऱ्या गटात पुण्याच्या सी-डॅकची माणसं होती आणि मराठीचा हा 'ऱ्य' नियमांत आला. मराठी जाणणारं कुणी तिथे नसतं तर काय झालं असतं, याचा अंदाज आपण करू शकतो.

आयकॅनची सभा नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबादला भरली होती. उर्दूचं एवढं मोठं शहर, पण आपल्या किती अंजुमननी तिची दखल घेतली? आशिया-पॅसिफिकच्या संघात सामील व्हायला फी नाही. संस्था म्हणून अर्ज करता येतो, एकट्या माणसालाही सदस्य होता येतं. बैठका बहुतेक ऑनलाइन असतात आणि कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं. अंजुमन, शिक्षण संस्था, ग्रंथालयं यांनी कॉम्प्युटर आणि उर्दू-मराठी दोन्ही येणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हे काम सोपवावं आणि तिथे काय ठरलं, ते दर दोन-तीन महिन्यांनी जमातीसमोर सांगायला लावावं.