शेवटच्या हप्त्यापर्यंत मालक कोण?

बंगळूरच्या यशवंतपूर बाजार आवारात स्वतःचा ट्रक उभा करावा, हे अनेक चालकांचे स्वप्न असते. भाडेखरेदी करार ते जवळ आणतो. परंतु शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी वित्तसंस्थेचीच राहते, डिझेल, टायर व दुरुस्तीचा भार मात्र चालकावर. १० लाखांवर ४ वर्षांसाठी सरसकट १० टक्के व्याज म्हणजे दरमहा सुमारे २९,१६७ रुपये. घटत्या शिल्लकेवर हाच दर साडेसतरा टक्क्यांच्या घरात जातो. १९७२ चा भाडेखरेदी कायदा प्रत्यक्षात लागू न होताच २००५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे करारपत्र समजून घेणे, त्याची प्रत जपणे व अखेरीस नोंदणीपुस्तकातील बोजा उतरविणे चालकाच्या हिताचे आहे. सहीपूर्वी ही आकडेमोड त्याच्यापुढे मांडणे हे कर्ज देणाऱ्याचेही कर्तव्य होय.