मालिकेतले घर आणि चळवळीबाहेरचे घर

कार्यकर्त्यांच्या बैठकीत दूरचित्रवाणीवरील मालिकांचा विषय निघतो तो बहुधा उपहासानेच. बायका मालिका सोडून सभेला येत नाहीत, अशी तक्रार होते आणि विषय संपतो. वस्तुतः तो तेथे सुरू व्हावयास हवा.

भंडारा जिल्ह्यातील बपेरा हे मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे, भातशेतीच्या मुलखातले गाव. अशा गावातील मजूर स्त्री रोवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकलेली असते आणि संध्याकाळी घरी परतल्यावर चुलीपाशी तिची दुसरी पाळी सुरू होते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. जे पुरुष असे काम करतात, ते ८८ मिनिटे देतात. या हिशेबातून उरलेला अर्धा तास ती स्त्री मालिकेपुढे बसते. आठ तासांच्या कामासाठी ज्या चळवळीने लढे दिले, तिने या अर्ध्या तासाला नावे ठेवावीत, हे विपरीत आहे.

तथापि तिच्या विश्रांतीचा हक्क मान्य केला म्हणजे प्रश्न सुटत नाही. त्या अर्ध्या तासात तिच्यापुढे कोणते घर उभे केले जाते, हा खरा प्रश्न आहे. कौटुंबिक नाट्य म्हणजे सासू-सुनेची भांडणे, असे म्हणून ते हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण घरातील कलह हा पुष्कळदा वाटपाचा कलह असतो. जमीन कोणाच्या नावे, मिळकतीची किल्ली कोणाकडे, शिक्षणाचा खर्च मुलावर की मुलीवर, म्हाताऱ्यांना कोणी सांभाळायचे, हे अर्थशास्त्राचेच प्रश्न होत. फक्त ते स्वयंपाकघरात विचारले जातात.

जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेली 'हम लोग' ही मालिका या प्रश्नांच्या जवळ होती. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी मालिकांचा वापर केला होता. त्या धर्तीवर भारतातही काही करावे, या विचारातून ती जन्मली आणि त्यामागे वर्ध्याचे खासदार व तत्कालीन नभोवाणी मंत्री वसंत साठे यांचा पुढाकार होता. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या त्या घरात दारुडा बाप होता, नोकरीच्या शोधात वणवणणारा मुलगा होता, डॉक्टर होऊ पाहणारी मुलगी होती. घरात पैसा नाही, ही गोष्ट कथेत लपवली जात नव्हती. परंतु हीच मालिका एका झटपट शिजणाऱ्या शेवयांच्या जाहिरातीवर चालली, आणि रोजच्या कुटुंबकथेतून माल खपतो हा धडा जाहिरातदारांनी तेथेच गिरवला.

पुढे २००० साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आली आणि घर उद्योगपतीचे झाले. मराठीत २००१ ते २०१३ पर्यंत 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून अधिक भाग चालली. तिचे देशमुख घराणेही श्रीमंतच होते. या पठडीतल्या घरांत संपत्ती भरपूर असते, पण ती निर्माण करणारा मजूर क्वचितच दिसतो. सुनेचा त्याग दिसतो, तिची मजुरी दिसत नाही. शिवाय कथेला शेवट नसल्यामुळे कोणताही हिशेब चुकता करावा लागत नाही.

दक्षिण कोरियाची रीत येथे तुलनेस घेण्याजोगी आहे. तेथील केबीएस या सार्वजनिक संस्थेच्या दुसऱ्या वाहिनीवर शनिवार-रविवारी संध्याकाळी कौटुंबिक मालिका लागते आणि सुमारे पन्नास भागांत, म्हणजे साधारण सहा महिन्यांत, संपते. इंग्रजीत 'फादर इज स्ट्रेंज' या नावाने ओळखली गेलेली २०१७ ची मालिका पाहावी. बाप छोटेसे खाद्यपदार्थांचे दुकान चालवतो. थोरला मुलगा वर्षानुवर्षे सरकारी नोकरीच्या परीक्षा देत राहतो. वकील झालेली मुलगी वर्षभराच्या मुदतीचा करार करून संसाराच्या अटी ठरवते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तरुणपण घालवणारा मुलगा बपेऱ्याच्या परिसरातील घरांनाही अनोळखी वाटू नये.

या कोरियन मालिका क्रांतिकारक आहेत, असा याचा अर्थ नव्हे. जन्माची रहस्ये, योगायोग आणि अखेरीस वडीलधाऱ्यांपुढे झुकणारी तरुण पिढी तेथेही आहेच, जाहिरातीही आहेत. पण केबीएसला घरोघरचे परवाना शुल्क मिळते, म्हणून ती सर्वस्वी जाहिरातदाराची बांधील नाही. कथेला मुदत असते आणि घराला धंदा असतो. फरक आहे तो व्यवस्थेचा, आणि व्यवस्था बदलता येते.

त्यासाठी सोलपर्यंतही जावयास नको. झाडीपट्टीत भातकापणीनंतर, मंडई आणि शंकरपटाच्या हंगामात, रात्रभर चालणारी नाटके लागतात. दारू, हुंडा, शेतीची वाटणी हे त्यांचे घरगुती विषय, आणि प्रेक्षक तिकीट काढून बसलेला शेतकरी-शेतमजूर. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा राजधानीने या रंगभूमीची दखल घेतली. तेथे घराचे दुःख सारे गाव एकत्र बसून पाहते, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर त्याची चर्चा होते. मालिका घरात एकट्याने पाहिली जाते; तिची चर्चा घडवून आणावी लागते.

ते काम कार्यकर्त्यांचे आहे. सभेची वेळ स्त्रियांच्या सोयीने ठरवावी आणि त्या दिवशीची चूल घरातील पुरुषाने सांभाळावी, ही पहिली गोष्ट. दुसरी, महिला मंडळांच्या बैठकीत मालिकेतील घराचा ताळेबंद मांडावा: येथे कमावते कोण, राबते कोण, सातबारावर नाव कोणाचे? तिसरी, प्रसार भारती ही जनतेच्या पैशावर चालणारी संस्था आहे. कष्टकऱ्यांच्या घराची, निश्चित मुदतीत संपणारी मालिका तिने सह्याद्री वाहिनीवर दाखवावी, अशी मागणी पक्षाने धरावी.

मालिका पाहणारी स्त्री चळवळीपासून दूर गेलेली नाही. घराच्या कारभाराचा प्रश्न ती रोज रात्री पाहत असते. चळवळच त्या घराच्या उंबऱ्याशी थांबली आहे.