जुन्या रिक्षाचा खरा हिशेब

मुलगा बारावी होऊन वर्ष-दोन वर्षे घरी बसला की घरात एक विषय हमखास निघतो: याला रिक्षा घेऊन द्यावी का? नव्या गाडीचा आकडा ऐकून सगळे गप्प होतात. मग मामू किंवा खालू कुठून तरी जुन्या गाडीची बातमी आणतात. "चालू कंडिशनमध्ये आहे, कागदपत्रे क्लिअर आहेत, मालकाला पैशाची गरज आहे म्हणून विकतोय." अम्मीच्या बांगड्या, अब्बांची शिल्लक आणि नातेवाइकांकडून उसने आणलेले पैसे एकत्र होतात आणि गाडी दारात येते. सहा महिन्यांनी तीच गाडी गॅरेजसमोर उभी दिसते. मिस्त्री "उद्या या" म्हणतो, मुलगा चिडतो आणि घरात रोज एकच वाद होतो. असे होऊ नये म्हणून या महिन्यात जुन्या रिक्षाबद्दल थोडे सविस्तर बोलू.

आधी ही गाडी समजून घेऊ. इटलीत पियाजो कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर व्हेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ मध्ये त्याच स्कूटरच्या घडणीवर 'आपे' ही तीनचाकी आणली. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी. आज आपल्याकडे धावणारी आपे बारामतीत तयार होते. रिक्षाचे हँडल पाहिले तर ही मुळात तीन चाकांची मोटरसायकलच आहे, हे लगेच कळते. बहुतेक रिक्षांचे इंजिन एका सिलिंडरचे असते. चालक, तीन प्रवासी आणि त्यांच्या पिशव्या हे सगळे ओझे त्या एका सिलिंडरवर असते. बऱ्याच रिक्षांमध्ये क्लच, गिअर आणि ॲक्सिलरेटरच्या वायरी हँडलपासून गाडीच्या पोटाखालून मागच्या इंजिनपर्यंत गेलेल्या असतात. त्यांत पाणी आणि चिखल शिरला की वायर आधी जड होते, मग तिचे धागे सुटतात आणि एक दिवस चढावर ती तुटते.

आता आपला पाटण तालुका डोळ्यांसमोर आणा. कऱ्हाडकडून येणारा रस्ता मल्हारपेठ, नवारस्ता करत पाटणपर्यंत बरा आहे. पुढे कोयनानगरकडे, मोरगिरीच्या खोऱ्यात किंवा वनकुसवड्याच्या पठाराकडे गाडी वळली की चढ, वळणे आणि पाऊस. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कऱ्हाडला त्याच्या एक पंचमांशही नाही. कऱ्हाड-सांगलीच्या सपाट रस्त्यावर पाच वर्षे गुमान चाललेली गाडी आपल्याकडे पहिल्याच पावसाळ्यात दम टाकते, त्याचे कारण हे आहे. ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी जाते, लायनर ओले झाले की ब्रेक लागत नाही. तळाचा पत्रा गंजतो. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओढून क्लच प्लेटा लवकर जळतात. वडापच्या नादात तिनाच्या जागी सहा माणसे भरली तर हे सगळे आणखी लवकर होते आणि वळणावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो.

गाडी बिघडली की आपण फक्त सामानाचे आणि मिस्त्रीचे पैसे मोजतो. उभ्या राहिलेल्या दिवसाचे पैसे कुणी मोजत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, इंधन वजा जाता रोज ५०० रुपये सुटतात. एक सुटा भाग कंपनीचा ७०० रुपयांना आणि डुप्लिकेट ३०० रुपयांना मिळतो. डुप्लिकेट घेतला, तो वर्षात तीनदा गेला आणि प्रत्येक वेळी एक दिवस गाडी उभी राहिली. सामानाचे ९०० आणि बुडालेले १५००, असे २४०० रुपये गेले. कंपनीचा भाग वर्षभर टिकला तर ७०० आणि एका दिवसाचे ५००, म्हणजे १२००. स्वस्तातला भाग दुप्पट महाग पडला. शिवाय रिक्षातून शाळेत जाणारी मुले त्या तीन दिवशी ताटकळली, त्यांच्या आया पुढच्या महिन्यात दुसरा रिक्षावाला बघतात. ते नुकसान वहीत लिहिताच येत नाही.

अर्धवट काम हा याच रोगाचा दुसरा प्रकार. इंजिन धूर टाकते म्हणून रिंगा बदलल्या, पण सिलिंडर आतून झिजलेला तसाच ठेवला, तर थोड्याच दिवसांत पुन्हा धूर येतो. मिस्त्रीला दोष देण्याआधी आठवावे की "आत्ता पैसे नाहीत, तात्पुरते करून द्या" असे आपणच म्हटलेले असते. इंजिन एकदा उतरवले की काम पूर्ण करून घ्यावे. उतरवण्या-चढवण्याची मजुरी दोनदा देणे परवडत नाही.

गाडी घेण्यापूर्वी काय पाहावे? आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. विकणाऱ्याच्या मिस्त्रीचा शब्द पुरेसा नाही. सकाळी, इंजिन थंड असताना जावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन कसे सुरू होते, यावरून काही कळत नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. पायाखालची मॅट उचलून पत्रा पाहावा. खिशात लहान लोहचुंबक ठेवावे. लोखंडी पत्र्याला ते चिकटते, पुट्टी भरून वर रंग दिलेल्या जागी चिकटत नाही. पुढचे चाक हातांनी हलवून पाहावे, खडखड झाली तर बेअरिंग गेलेले असते. शेवटी तीन माणसे बसवून गाडी चढावर न्यावी. आपल्या तालुक्यात चढ शोधायला लांब जावे लागत नाही.

कागदांची तपासणी तितकीच महत्त्वाची. चासी नंबर आर.सी. बुकाशी जुळतो का, फायनान्सचा बोजा उतरला आहे का, विमा आणि परमिट चालू आहे का, पासिंग कधीपर्यंत आहे, हे पाहावे. प्रवासी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. त्यासाठी कऱ्हाडला जाणे, तिथला दिवस आणि पासिंगपूर्वीची दुरुस्ती हा खर्च जुन्या गाडीला दरवर्षी आहे. गाडी नावावर करण्यात तर मुळीच टाळाटाळ करू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. गाडी विकली पण नाव बदलले नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे "स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले आहे" एवढ्यावर विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये.

विकणाऱ्याशी आणखी एक गोष्ट बोलायची आहे, कारण आपल्यातलेच लोक घेतात आणि आपल्यातलेच विकतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला तेव्हा वरून कोरड्या दिसणाऱ्या धान्याची आतली ओल बोटांना लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. लोकांना दिसावे म्हणून ते भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, हेही बजावले. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी मारून वर चकचकीत रंग देणे यापेक्षा वेगळे नाही. लपवलेला दोष निघाला तर वस्तू परत करण्याचा हक्क फिकहमध्ये घेणाऱ्याला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. गाडीचे दोष सांगून विकली तर पाच-दहा हजार कमी येतील, पण त्या पैशात बरकत असेल आणि मोहल्ल्यात मान वर करून चालता येईल.

गाडी घेतलीच असेल, तर पुढचे काम घरातल्यांचे आहे. रोजच्या कमाईतून ठरावीक रक्कम, शंभर म्हणा की पन्नास, गाडीच्या नावाने वेगळी काढावी आणि ती अम्मीच्या किंवा बायकोच्या हाती द्यावी. भिशी चालवणाऱ्या बायकांना पैसा कसा धरून ठेवायचा, हे शिकवावे लागत नाही. ईदचे कपडे असोत की लग्नाचा आहेर, या पैशाला हात लावायचा नाही. एक वही करावी. तारीख, काय बदलले, कुठून आणले, किती पडले आणि गाडी किती दिवस उभी राहिली, एवढे लिहावे. एकच भाग वहीत तीनदा दिसला तर दुखणे दुसरीकडे आहे, हे मिस्त्रीला दाखवता येते. वायरी, ब्रेक, टायर आणि वायरिंगचे काम मे महिन्यातच, मृग लागण्यापूर्वी उरकावे. जुलैत गाडी बंद पडली तर गॅरेजसमोर आधीच दहा गाड्या उभ्या असतात.

आणि वर्षभर वही लिहिल्यावर दिसले की गाडी महिन्यात आठ-आठ दिवस उभी असते, तर हिंमत करून निर्णय घ्यावा. आणखी पैसे ओतण्यापेक्षा दोष सांगून ती विकावी आणि काही काळ दुसऱ्याची गाडी भाड्याने चालवावी. मुलाने मेहनत केली नाही, असा ठपका मात्र त्याच्यावर ठेवू नये. सकाळी सहाला स्टँडवर उभा राहणारा मुलगा आळशी नसतो. हप्त्याच्या काळजीने तो आधीच वाकलेला असतो, घरातल्या बोलण्याने त्याला आणखी वाकवू नका.